गारचॉम्प कोणत्या टर्नसाठी?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण विट्याला राहता, कॉलेज सांभाळून मोबाइलच्या ब्राउझरवर पोकेमॉन शोडाउन, म्हणजे पोकेमॉनच्या लढतींचा ऑनलाइन खेळ, खेळता, स्कार्लेट-व्हायलेटच्या नियमांनी सहा विरुद्ध सहा अशा एकेरी लढती लढता, आणि आपला गारचॉम्प, हा ग्राउंड आणि ड्रॅगन अशा दोन टाइपचा पोकेमॉन, दर दुसऱ्या लढतीत एकही फटका न मारता आइस बीम खाऊन पडतो; तर त्याला आइस टाइपपासून वाचवायचे कसे? आपण संघही कळवला आहे: गारचॉम्प, ड्रॅगोनाइट, झॅपडॉस, डोंडोझो, गोल्डेन्गो आणि आयर्न व्हॅलियंट. गारचॉम्पचा नेचर (एक आकडा वाढवून दुसरा घटवणारा स्वभाव) अडॅमंट, म्हणजे अटॅक वाढवणारा, हातात लेफ्टओव्हर्स ही दर टर्नला थोडा जीव भरणारी वस्तू, आणि मूव्ह म्हणजे स्वोर्ड्स डान्स, स्टेल्थ रॉक, आउटरेज आणि अर्थक्वेक.

माझे लहानपण सांगलीत गेले आणि सांगली हे बुद्धिबळाचे गाव. सुट्टीत पटावर बसवणारे आमचे शिक्षक, घोडा वाचवायचा कसा असे विचारणाऱ्या मुलाला उत्तर देत नसत. घोडा त्या घरात गेला कशासाठी, एवढेच उलट विचारत. आपल्या प्रश्नावर माझे उत्तर याच जातीचे आहे. गारचॉम्पला आइसपासून वाचवण्याचे उपाय आहेत आणि ते मी पुढे सांगणारही आहे, परंतु आपला गारचॉम्प पडतो तो आइस बीममुळे नव्हे. त्याला कोणत्या कामासाठी संघात घेतले आहे हे ठरलेले नसल्यामुळे तो चुकीच्या टर्नला मैदानात येतो, म्हणून पडतो. एकाच प्राण्याकडून स्टेल्थ रॉकने आत येणाऱ्याला लागणारे खडे पसरण्याचे आणि अटॅक दुप्पट करणारा स्वोर्ड्स डान्स करून मैदान मारण्याचे अशी दोन्ही कामे आपण मागत आहात. पहिल्या कामासाठी त्याला लढतीच्या सुरुवातीला यावे लागते आणि दुसऱ्यासाठी शेवटी. परिणामी तो सुरुवातीला येतो, अर्धा होतो, आणि शेवटी ज्या वेळी खरा उपयोग व्हायचा त्या वेळी त्याच्यात काही उरत नाही.

आधी आकडे पाहू, कारण या प्राण्याचे सगळे चरित्र त्यांत आहे. एचपी (जीव) १०८, अटॅक १३०, डिफेन्स ९५, स्पेशल अटॅक ८०, स्पेशल डिफेन्स ८५ आणि स्पीड १०२. यांतला अटॅक सर्वांच्या डोळ्यांत भरतो, पण कारागिरी आहे ती शेवटच्या आकड्यात, कारण ज्याचा स्पीड जास्त तो टर्नमध्ये आधी चालतो. बेस (मूळ) स्पीड बरोबर १०० असलेल्यांची रांग मोठी आहे: चारिझार्ड, सॅलमेन्स, मिऊ, जिराची, व्होल्कारोना आणि आपल्या संघातला झॅपडॉससुद्धा. गारचॉम्प या रांगेच्या दोनच अंक पुढे उभा आहे. शंभराव्या लेव्हलला, पूर्ण २५२ ईव्ही (आकड्यांवर वाटायचे जादा गुण) आणि स्पीड वाढवणारा नेचर दिल्यावर बेस १०० असलेल्याचा स्पीड ३२८ होतो आणि गारचॉम्पचा ३३३. मूळ रूपातल्या लँडोरसचा बेस १०१ आहे, त्याचा ३३१ होतो. म्हणजे त्याच्यापुढेही हा दोन अंकांनी आहेच. पण आपण अडॅमंट नेचर घेतला की हाच आकडा ३०३ वर येतो आणि १०० ची संपूर्ण रांग आपल्यापुढे जाते. इतकेच नव्हे, तर बेस ९५ चा क्युरेम टिमिड या स्पीड वाढवणाऱ्या नेचरवर ३१७ ने धावतो, तोही पुढे जातो. आणि क्युरेम स्वतःच आइस टाइपचा असल्याने आइस बीमला त्याच्या टाइपचा दीडपट जोर मिळतो. आपली निम्मी तक्रार कदाचित याच एका ओळीत संपते.

ग्राउंड आणि ड्रॅगन या दोन्ही टाइपांना आइसचे नुकसान दुप्पट होते, म्हणून गारचॉम्पला चौपट. आता या चौपट नुकसानीचा हिशेब एकदा हाताने करून पाहावा, म्हणजे मनातली भीती किती खरी आहे ते कळते. एचपीत एकही ईव्ही न घातलेल्या गारचॉम्पचा एचपी ३५७ आणि स्पेशल डिफेन्स २०६ असतो. समोरच्याचा स्पेशल अटॅक २९९ आहे, म्हणजे बेस १०० वर पूर्ण ईव्ही आहेत पण नेचरची जोड नाही, आणि तो स्वतः आइस टाइपचाही नाही, असे धरले तरी त्याचा आइस बीम ३७६ ते ४४४ इतके नुकसान करतो. याचा अर्थ साध्या, परक्या आइस बीमनेसुद्धा गारचॉम्प एका फटक्यात जातो. 'याचे' नावाची, आइसचा एक फटका निम्मा करणारी बेरी हातात दिली तर हेच नुकसान निम्मे, म्हणजे १८८ ते २२२ होते आणि गारचॉम्प एकदाच वाचतो. एकदाच वाचणे हे काही वेळा पुरेसे असते, पण त्या बेरीसाठी हातातली दुसरी वस्तू सोडावी लागते. ती किंमत मी स्वतः सहसा मोजत नाही.

तर कामे कोणती? माझ्या मते सध्या गारचॉम्पची दोनच कामे विचारात घेण्यासारखी आहेत. चॉइस स्कार्फ (स्पीड दीडपट करणारी, पण एकाच मूव्हला बांधणारी वस्तू), दोन्ही प्रकारचे हल्ले एकत्र असे इतर प्रकारही लोक खेळतात, परंतु ती कामे दुसरे प्राणी अधिक चांगली करतात, म्हणून त्यांत मी शिरत नाही.

पहिले काम राखणदाराचे. यात एचपीला २५२ आणि डिफेन्सला २५२ ईव्ही, डिफेन्स वाढवणारा इम्पिश नेचर, हातात रॉकी हेल्मेट, आणि क्षमता रफ स्किन. असा गारचॉम्प ४२० एचपी आणि ३१७ डिफेन्स घेऊन उभा राहतो. याचे सौंदर्य असे की त्याने काही न करताही समोरचा झिजतो. रफ स्किनमुळे स्पर्श करून मारणाऱ्याचा एक अष्टमांश एचपी जातो, रॉकी हेल्मेटमुळे आणखी एक षष्ठांश. दोन्ही मिळून चोवीस भागांतले सात, म्हणजे सुमारे एकोणतीस टक्के. यू-टर्न मारून पळणारा आणि रॅपिड स्पिनने आपले खडे साफ करायला आलेला, दोघेही ही पट्टी भरूनच जातात, आणि चार वेळा आले तर पाचव्यांदा येत नाहीत. मूव्हमध्ये स्टेल्थ रॉक, स्पाइक्स, अर्थक्वेक आणि ड्रॅगन टेल. ड्रॅगन टेल समोरच्याला मागे ढकलून दुसऱ्या कोणाला तरी ओढून आणते आणि त्या आलेल्याला खडे लागतात. मात्र ती टर्नच्या अगदी शेवटी चालते आणि फेअरी टाइपवर तिचा काहीच परिणाम होत नाही. या प्रकारात स्पीडला एकही ईव्ही नसतो, तरीही नुसत्या बेसच्या बळावर तो २४० राहतो. किंगॅम्बिट स्पीड वाढवणारा जॉली नेचर आणि पूर्ण ईव्ही असूनही २१८ च्या पुढे जात नाही. राखणदार असूनही किंगॅम्बिटवर पहिला अर्थक्वेक आपलाच पडतो, मग त्याने जमिनीची मूव्ह चुकवणारा एअर बलून धरलेला नसला आणि आधी चालणारी सकर पंच मारली नाही म्हणजे झाले.

दुसरे काम शेवट करणाऱ्याचे, आणि इथे मला थोडे रेंगाळायचे आहे, कारण आपला कल याच कामाकडे दिसतो. हातात लोडेड डाइस, मूव्हमध्ये स्वोर्ड्स डान्स, स्केल शॉट, अर्थक्वेक आणि फायर फँग. आउटरेज कृपया काढून टाकावी. तिची शक्ती १२० आहे हे खरे, पण ती दोन-तीन टर्न आपल्याला बांधून ठेवते, शेवटी गोंधळ उडवते आणि एखादा फेअरी टाइप आत आला की आपण त्याला फुकटचे टर्न बहाल करतो. स्केल शॉटचा एकेक फटका २५ शक्तीचा असतो आणि एरवी तो दोन ते पाच वेळा बसतो. लोडेड डाइस असला की चार किंवा पाचच वेळा, म्हणजे १०० ते १२५ ची शक्ती बांधून न घेता मिळते. अचूकता नव्वद टक्के आहे, तेवढा धोका पत्करावा. खरा लाभ पुढे आहे: मूव्ह संपताच आपला स्पीड एक पायरी वर जातो आणि डिफेन्स एक पायरी खाली.

त्या एका पायरीने काय घडते ते पाहा. जॉली गारचॉम्पचा ३३३ चा दीडपट होऊन ४९९ होतो, अडॅमंटचा ३०३ चा ४५४. ड्रॅगापल्ट पूर्ण वेगात ४२१ असतो. दोन्ही गारचॉम्प त्याच्या पुढे. टिमिड गोल्डेन्गो चॉइस स्कार्फ घालून ४३९, जॉली ग्रेट टस्क स्कार्फ घालून ४५०. हेही दोघे मागेच. इथवर पाहून अडॅमंटच पुरेसा आहे असे वाटते, आणि मलाही तसेच वाटत होते. मग एका लढतीत, समोरच्याचे दोनच प्राणी उरलेले असताना, मी निर्धास्तपणे स्केल शॉट मारला, एक पाडला, आणि दुसरा आला तो थेरियन रूपातला लँडोरस, हातात स्कार्फ. त्याचा बेस ९१, पूर्ण वेग ३०९, स्कार्फने ४६३. माझा ४५४. नऊ अंकांनी तो आधी चालला, स्केल शॉटने उतरलेल्या डिफेन्सवर त्याचा अर्थक्वेक बसला आणि जिंकलेली लढत गेली. त्या दिवसापासून शेवट करणारा गारचॉम्प मी जॉलीच ठेवतो. अडॅमंटचा जादा जोर हवासा वाटतो खरा, पण स्वोर्ड्स डान्सने अटॅक दुप्पट होतच असतो. वेगाची उणीव मात्र त्या डान्सने भरून निघत नाही.

अर्थक्वेक आणि स्केल शॉट या दोन्ही मूव्ह स्पर्श न करता लागतात, ही बाब नवखे लोक हमखास विसरतात. समोरच्याच्या रॉकी हेल्मेटचा त्रास त्यामुळे आपल्याला होत नाही, आणि झॅपडॉसच्या स्टॅटिक या, स्पर्श करणाऱ्याला लकवा देऊ शकणाऱ्या क्षमतेचाही नाही. ग्राउंड टाइपवर थंडर वेव्ह चालत नाही म्हणून स्टॅटिकही चालत नसेल असा समज आहे, तो चुकीचा आहे: स्पर्श केला तर गारचॉम्पला लकवा होऊ शकतो. फायर फँगने झॅपडॉसला चावण्यापूर्वी याचा विचार करावा.

ग्राउंड आणि ड्रॅगन या जोडीपुढे टिकतात ते प्रामुख्याने उडणारे स्टील, म्हणजे कॉर्विनाइट आणि स्कार्मोरी. त्यांच्यासाठीच फायर फँग, आणि त्यांच्यासाठीच टेरा फायर, म्हणजे लढतीत एकदा टाइप बदलण्याची टेरा ही सोय वापरून फायर होणे. टेरा फायर झालेला गारचॉम्प आइस आणि फेअरी दोन्हींचे नुकसान निम्म्याने घेतो, त्याला भाजण्याची अवस्था लागू होत नाही, म्हणून विल-ओ-विस्प वाया जाते, आणि ६५ शक्तीच्या फायर फँगला स्वतःच्या टाइपचा दीडपट जोर मिळतो. उणी बाजू अशी की पाणी आणि जमीन दोन्ही त्याला जड जातात, आणि स्टेल्थ रॉक ज्याला एरवी एक सोळांशच लागतो त्याला टेरानंतर परत येताना चतुर्थांश लागतो. त्यामुळे टेरा फायर केल्यावर मागे फिरायचे नाही असे ठरवूनच तो करावा. संघात कॉर्विनाइटवर दुसरा इलाज असेल तर टेरा स्टील अधिक सुरक्षित, कारण त्याने आइस, ड्रॅगन, फेअरी या तिन्ही दुखण्यांवर एकदम औषध मिळते. डोंडोझो आणि क्लॉडसायर यांच्या, समोरच्याचे वाढलेले आकडे न मोजणाऱ्या अनअवेअर क्षमतेपुढे मात्र स्वोर्ड्स डान्स व्यर्थ आहे. ते मैदानात असेपर्यंत गारचॉम्पने बाहेर थांबलेलेच बरे.

आता मूळ मुद्दा, आत येण्याचा. गारचॉम्पला मार खात आत आणायचे नसते. त्याला फुकटात आत येण्याच्या तीन वाटा आहेत. पहिली, इलेक्ट्रिक मूव्हवर: ती त्याला लागतच नाही, आणि व्होल्ट स्विच करून पळू पाहणारा जागीच अडकतो. दुसरी, फायर मूव्हवर, जी त्याला निम्मीच लागते. तिसरी, आपल्याच संथ साथीदाराच्या फ्लिप टर्नसारख्या, मारून मागे फिरवणाऱ्या मूव्हमागून, ज्यात मार साथीदार खातो आणि गारचॉम्प ताजा येतो. अलोमोमोला हे काम फार प्रेमाने करते. पहिल्या वाटेसाठी आपल्याकडे डोंडोझो आहेच. शुद्ध पाण्याचा एवढा मोठा मासा समोर दिसला की प्रतिस्पर्ध्याचा हात आपोआप इलेक्ट्रिक मूव्हकडे जातो, आणि नेमक्या त्या टर्नला स्विच करायचा. रेजिंग बोल्टसमोर ही चाल विशेष गोड लागते, कारण त्याची सगळ्यांआधी चालणारी थंडरक्लॅपसुद्धा गारचॉम्पला लागत नाही आणि आपला अर्थक्वेक त्याला दुप्पट लागतो. तो स्वतः ड्रॅगनही आहे, तेव्हा दुसऱ्यांदा हीच चाल खेळताना तो ड्रॅको मीटियॉर मारेल हे गृहीत धरावे. एकाच लढतीत तोच सापळा दोनदा लावू नये.

इथे एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. संघ उघडा दिसत असला तरी गारचॉम्पच्या हातात काय आहे हे समोरच्याला कळत नाही. खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारात जुने व्यापारी रुमालाखाली बोटे धरून भाव सांगत, भोवतीच्या माणसांना तो कळू नये म्हणून. तसेच हे आहे. राखणदार आहे असे समजून समोरच्याने यू-टर्नऐवजी सावकाश एखादी तयारीची मूव्ह केली, तर तो टर्न आपला. म्हणून पहिल्यांदा आत आल्यावर लगेच हातातली वस्तू उघड होईल अशी मूव्ह टाळावी. अर्थक्वेक कोणत्याही गारचॉम्पकडे असतो, तो काही सांगत नाही. चार-पाच फटक्यांचा स्केल शॉट सगळेच सांगून टाकतो. तो राखून ठेवावा.

आइस शार्डबद्दल वेगळे सांगायला हवे, कारण तिथे स्पीडचे गणित चालत नाही. ४० शक्तीची ही मूव्ह आधी चालते, आणि वीव्हाइल किंवा मॅमोस्वाइनने ती मारली की ४९९ चा स्पीड शोभेचा ठरतो. यांपैकी कोणी समोरच्या संघात दिसत असेल, तर शेवट करणारा गारचॉम्प ते जाईपर्यंत बाहेर काढायचा नाही, किंवा काढताच टेरा करायचा. मधला मार्ग नाही. समोरच्याचे रूप घेणारा डिट्टो दिसला तरीही सावध राहावे: तो आत येताच आपला स्वोर्ड्स डान्स, वाढलेला स्पीड सगळे उचलतो आणि वर स्कार्फ घालून आपल्याच गारचॉम्पने आपल्याला मारतो. हे दृश्य एकदा पाहिले की विसरत नाही.

आपल्या संघाविषयी. आइसला चौपट बळी पडणारे दोन, गारचॉम्प आणि ड्रॅगोनाइट, आणि दुप्पट बळी पडणारा झॅपडॉस असे तिघे एकत्र आहेत. मला यातला झॅपडॉस खटकतो. त्याच्या जागी हीटरन बसवावा. स्टील टाइप हा गारचॉम्पचा सख्खा भाऊ आहे, कारण आइस, ड्रॅगन आणि फेअरी या तिन्हींना तो अडवतो, आणि स्टीलला सतावणारी आग गारचॉम्प अडवतो. हीटरनला जमिनीची चौपट भीती आहे, पण ड्रॅगोनाइटला अर्थक्वेक लागतच नसल्याने तो स्विच आपल्याकडे आहे. गोल्डेन्गो ठेवावाच. राखणदार गारचॉम्प निवडलात तर गोल्डेन्गो त्याच्या पसरलेल्या खड्यांचा पहारेकरी होतो: घोस्ट असल्याने रॅपिड स्पिन त्याच्यावर चालत नाही आणि गुड ॲज गोल्ड या क्षमतेमुळे खडे उडवणारी डिफॉगही फुकट जाते. शेवट करणारा निवडलात तर स्टेल्थ रॉकचे काम हीटरनकडे द्यावे, त्याला ते जमते. दोन्हींपैकी आपल्या सध्याच्या संघाला कोणता शोभतो असे विचाराल तर शेवट करणारा, कारण डोंडोझो आधीच अंगावर मार घेणारा आहे आणि दोन-दोन राखणदार ठेवून आपली लढत लांबेल, जिंकली जाणार नाही.

जुन्या खेळाडूंकडून आपण ऐकले असेल की एके काळी गारचॉम्पला बंदी होती. ते खरे आहे. २००६ मध्ये डायमंड-पर्ल आले, त्या चौथ्या पिढीत हा प्राणी इतका भारी ठरला की स्पर्धांचे नियम ठरवणाऱ्या स्मॉगॉन या संकेतस्थळाने त्याला सर्वसाधारण लढतींतून काढून उबर्स या अतिबलाढ्यांच्या गटात बसवले. वाळूच्या वादळात फटके चुकवणारी सँड व्हेल आणि हातातली याचे बेरी ही त्या काळची डोकेदुखी होती. २०१३ च्या एक्स-वायमध्ये त्याला मेगा रूप मिळाले, अटॅक १७० वर गेला आणि स्पीड १०२ वरून ९२ वर उतरला. ज्या दोन अंकांवर त्याची सगळी ऐट होती तेच काढून घेतल्यावर अनेकांनी साधाच गारचॉम्प पसंत केला, यात नवल नाही.

दुहेरी लढतींबद्दल आपण शेवटी ओझरते विचारले आहे, म्हणून ओझरतेच सांगतो. तिथे अर्थक्वेक आपल्या साथीदारालाही लागतो आणि त्याचा जोरही पाऊणपट होतो, म्हणून बाजूला उडणारा साथीदार हवा, नाहीतर ७५ शक्तीची स्टॉम्पिंग टँट्रम घ्यावी आणि एक जागा बचावाच्या प्रोटेक्टसाठी राखावी. २०१४ च्या जागतिक स्पर्धेत से जून पार्क जिंकला तेव्हा सगळ्यांच्या लक्षात राहिली ती त्याची खारीसारखी पाचिरिसू. त्याच संघात गारचॉम्पही होता, याची आठवण कोणी काढत नाही.

पुढच्या दहा लढती जॉली, लोडेड डाइस, हीटरन अशा बदलांसह खेळून पाहाव्यात आणि प्रत्येक लढतीच्या रीप्लेमध्ये एवढेच नोंदवावे: गारचॉम्प कोणत्या टर्नला आत आला, आणि त्या टर्नला समोरच्याने कोणती मूव्ह मारली. ती यादी मला पाठवलीत तर संघाचे बाकीचे ईव्ही आपण त्यावरून बसवू.